जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि निवडणूक खर्चाची वही

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

निवडणूक लागली की जिल्हाधिकारी कार्यालयातून एक दरपत्रक निघतं. चहाचा कप केवढ्याला, नाष्ट्याची प्लेट केवढ्याला, खुर्ची, मंडप, भोंगा, जीप, ड्रायव्हरचा भत्ता, फेटा, हार, सगळ्याचे दर त्यात असतात. उमेदवारानं केलेला खर्च रोजच्या रोज वहीत लिहायचा, प्रचाराच्या काळात किमान तीनदा निरीक्षकांना दाखवायचा आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब दाखल करायचा. प्रशासनाची स्वतःची वेगळी वही असते, तिला शॅडो रजिस्टर म्हणतात. सभेत खुर्च्या किती होत्या हे मोजायला माणूस असतो आणि व्हिडिओ काढायलाही माणूस असतो.

विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे आणि लोकसभेला ९५ लाख. बातमीसाठी मी या वह्या अनेकदा चाळल्या. मर्यादा ओलांडलेला उमेदवार मला त्यात अजून भेटलेला नाही. सगळे आतच. वहीवर विश्वास ठेवायचा तर आपल्याकडची निवडणूक म्हणजे मोठ्या घरच्या लग्नापेक्षा स्वस्तातलं काम. आणि टपरीवर बसलेल्या कुणालाही विचारा, तो हसून म्हणतो, "भाऊ, एवढ्यात तर एक सर्कलबी निघत नाही."

वही खोटी आणि टपरी खरी, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून दर निवडणुकीनंतर एक वाक्य ऐकू येतं: "त्यापेक्षा सरकारनंच निवडणुकीचा खर्च करावा. म्हणजे गरीब माणूसही उभा राहील." माझंही बरीच वर्षं हेच मत होतं. आजही अर्धं आहे. उरलेलं अर्धं का बदललं ते सांगण्यासाठी ही पोस्ट.

सुरुवात १९५१ पासून करू. लोकप्रतिनिधित्वाचा कायदा संसदेत आला तेव्हा कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा ही कल्पना पहिल्या निवडणुकीपासून आपल्याकडे आहे. तेव्हा लोकसभेची मर्यादा होती २५ हजार रुपये. परभणी त्या वेळी हैदराबाद राज्यात. निजामाची राजवट जाऊन चार वर्षंही झाली नव्हती. इथल्या माणसानं पहिल्यांदा मतपत्रिका हातात घेतली आणि दिल्लीला पाठवलं शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारेंना. पुढं १९७७ ला पुन्हा शेकापचेच शेषराव देशमुख. बड्या कंपन्यांच्या देणग्यांच्या यादीत ज्याचं नाव शोधूनही सापडलं नसतं अशा पक्षाचा माणूस आपल्या जिल्ह्यानं दोनदा खासदार केला. हे मुद्दाम सांगतोय, कारण "पैशाशिवाय निवडणूक होतच नाही" हे आपण आता निसर्गाचा नियम असल्यासारखं बोलतो. तसा नियम नाही. ते घडवलेलं आहे, आणि कसं घडवलं याच्या तारखा आहेत.

पहिली तारीख मुंबईची, १९५७. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी द्यायची होती आणि त्यासाठी कंपनीच्या घटनापत्रात बदल हवा होता. एका भागधारकानं विरोध केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून त्यांना परवानगी द्यावी लागली. पण निकालात त्यांनी इशारा लिहून ठेवला की हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकतो, संसदेनं वेळीच याकडं बघावं. देश स्वतंत्र होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

संसदेनं बघितलं. १९६० ला कंपनी कायद्यात देणगीवर मर्यादा आली. नंतर १९६९ ला इंदिरा गांधींच्या सरकारनं कंपन्यांच्या देणग्यांवर सरळ बंदीच घातली. ऐकायला छान वाटतं. पण पक्षांना सरकारी पैसा नाही आणि कंपनीचा चेकही नाही, मग निवडणुका चालणार कशावर? बंदी घालणाऱ्यांनी या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. चेक बंद झाला आणि रोकड सुरू झाली. लायसन्स-परमिटचा तो काळ, सरकारच्या एका सहीला सोन्याचा भाव होता.

या व्यवस्थेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. बॅ. अंतुले मुख्यमंत्री, सिमेंटवर नियंत्रण, आणि 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' नावाचा ट्रस्ट. ट्रस्टला देणगी द्या आणि सिमेंटचा जादा कोटा घ्या, असा आरोप होता. साखर कारखान्यांकडूनही ट्रस्टमध्ये पैसा आला होता. १९८१ च्या ऑगस्टमध्ये अरुण शौरींनी ते छापलं. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांचा संबंध मान्य केला आणि अंतुलेंना खुर्ची सोडावी लागली. फौजदारी खटला पुढं कित्येक वर्षं रेंगाळला, शिक्षा झाली नाही. तो ट्रस्ट कागदोपत्री निवडणुकीसाठी नव्हता, हेही सांगायला हवं. पण सहीच्या बदल्यात देणगी हा हिशेब महाराष्ट्राला तेव्हा पहिल्यांदा उघड दिसला. १९८५ ला कंपन्यांच्या देणगीवरची बंदी उठली. रोकडीची सवय मात्र उठली नाही.

आता दुसरी तारीख. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच, आणि शाळा-कॉलेजात ती कुणी शिकवत नाही.

३ ऑक्टोबर १९७४. दिल्लीच्या एका मतदारसंघाच्या खटल्यात (कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उमेदवारासाठी पक्षानं केलेला खर्चसुद्धा उमेदवाराच्या वहीत धरला पाहिजे. न्या. भगवतींचा निकाल. तर्क साधा होता. उमेदवाराच्या खिशाला कुलूप लावायचं आणि पक्षाची तिजोरी उघडी ठेवायची, तर कुलूप कशाला?

सोळा दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, सरकारनं वटहुकूम काढला. पक्षाचा किंवा मित्र-समर्थकांचा खर्च उमेदवाराच्या मर्यादेत धरायचा नाही. लगेच कायदाही झाला. आपल्या वहीला मोठं भोक पडलं ते त्या दिवशी. न्यायालयानं बुजवलेलं भोक सरकारनं सोळा दिवसांत पुन्हा पाडलं. आणि विशेष म्हणजे, नंतर आलेल्या कुठल्याही रंगाच्या सरकारला ते बुजवायची घाई झाली नाही. २००३ मध्ये सुधारणा झाली, मित्रमंडळींच्या नावावर खर्च दाखवायची वाट बंद झाली, स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च तेवढा बाहेर राहिला. पण पक्षानं पक्ष म्हणून किती खर्च करावा याला आजही मर्यादा नाही. शून्य. उमेदवाराला ४० लाख आणि पक्षाला आभाळ.

या भोकाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं नंतर जे म्हटलं तेही एका महाराष्ट्रातल्याच खटल्यात. १९९१ ची अहमदनगरची लोकसभा, यशवंतराव गडाख विरुद्ध बाळासाहेब विखे पाटील. खटला मुळात प्रचारसभांतल्या आरोपांचा होता, औरंगाबाद खंडपीठात गडाखांची निवड रद्द ठरली आणि प्रकरण दिल्लीला गेलं. नोव्हेंबर १९९३ च्या निकालात न्या. वर्मा यांनी जाता जाता खर्चमर्यादेवरही लिहिलं. मथितार्थ असा की उमेदवाराच्या खर्चावरची मर्यादा ही निव्वळ धूळफेक आहे, कारण पक्ष आणि इतरांचा खर्च जाळ्याच्या बाहेरच राहतो. कायद्याच्या वहीबद्दल देशाचं सर्वोच्च न्यायालय आणि परभणीची टपरी, दोघांचं मत एकच.

आता आपल्या शेजारी या. परभणीच्या एका बाजूला नांदेड आणि दुसऱ्या बाजूला बीड. या विषयावर देशभर चर्चा झालेली दोन मोठी प्रकरणं आपल्या या दोन शेजाऱ्यांची आहेत, आणि दोन्ही २००९ च्याच निवडणुकांची.

बीडचं आधी. २७ जून २०१३. मुंबईत एका पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात निवडणुकीच्या वाढत्या खर्चावर बोलताना दिवंगत गोपीनाथराव मुंडे म्हणाले की २००९ च्या लोकसभेला आपले आठ कोटी खर्च झाले. मर्यादा होती २५ लाख, आणि त्यांनी दाखल केलेला हिशेब त्याच्या आत होता. दोन दिवसांत आयोगाची नोटीस. ते शब्दशः घेऊ नका, बोलण्याच्या ओघातलं होतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं आणि प्रकरण अपात्रतेपर्यंत गेलं नाही. लोकांना त्या भाषणाचं आश्चर्य वाटलं नव्हतं. आश्चर्य वाटलं ते कुणीतरी माईकवर बोललं याचं. मला तर त्या दिवशी मुंडे साहेबांचं कौतुकच वाटलं होतं. पण खरं बोलणाऱ्याला नोटीस आणि गप्प बसणाऱ्यांना काही नाही, यातून बाकीचे काय शिकले असतील ते सांगायला नको.

नांदेडचं प्रकरण भोकरचं. २००९ ची विधानसभा, उमेदवार तेव्हाचे मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण. निवडणुकीच्या काळात 'अशोक पर्व' अशा मथळ्याखाली पानंच्या पानं वृत्तपत्रांत आली. पी. साईनाथ यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये दाखवून दिलं की वेगवेगळ्या वृत्तपत्रांत एकच मजकूर शब्दन् शब्द सारखा होता. चव्हाणांच्या हिशेबात वृत्तपत्रातल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. हरलेले उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर आयोगाकडं गेले. ही जाहिरात नव्हती, बातम्या होत्या, असं चव्हाणांच्या बाजूचं म्हणणं. हिशेब खरा की खोटा हे आयोग तपासू शकतो का, यावरच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०१४ मध्ये न्यायालयानं सांगितलं, हो, तपासू शकतो. जुलैमध्ये आयोगानं चव्हाणांच्या विरोधात निष्कर्ष काढून नोटीस दिली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. एका वहीतल्या एका ओळीवर पाच वर्षं गेली. तोवर विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूक आली होती.

इथं मला माझ्या घरचं बोलावं लागेल. नाहीतर ही पोस्ट म्हणजे दुसऱ्याच्या वहीतल्या चुका काढणं होईल.

२००९ ला मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होतो. नाव घेत नाही, कारण तेव्हा ज्याचं नाव घ्यावं त्याच्या शेजारी दुसरंही तेच करत होतं. निवडणूक जाहीर झाली आणि वरून 'पॅकेज' आलं. अर्ज भरतानाची बातमी, पदयात्रा, मुलाखत, शेवटच्या दिवसाची पुरवणी, सगळ्याचे मिळून दर. उमेदवाराकडं जाऊन बोलायचं काम आमच्याकडं. एका दुपारी एक निवृत्त शिक्षक कार्यालयात आले. अपक्ष उभे होते. हातानं लिहिलेलं निवेदन, त्यात पाण्याचा, कापसाच्या भावाचा आणि एसटीच्या फेऱ्यांचा मुद्दा. अक्षर मोत्यासारखं. मी वाचलं, चांगलं होतं. आणि मी त्यांना म्हणालो, "सर, पॅकेज घेतल्याशिवाय लागणार नाही." त्यांनी आकडा विचारला. मी सांगितला. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, "बरं," म्हणाले आणि सायकल घेऊन निघून गेले. त्यांच्या उमेदवारीची एक ओळही आमच्याकडं छापून आली नाही. निकालाच्या यादीत तेवढं नाव आलं.

त्या वर्षी त्यांच्या वाट्याची दोन इंच जागा मी विकली नाही असं मी म्हणू शकतो, कारण पैसे मी घेतले नव्हते. पण दार मीच लावलं होतं. पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलच्या समितीचा अहवाल पुढच्या वर्षी आला. तो वाचताना मला सर आठवले.

तर प्रश्न तोच. सरांसारख्या माणसाला सरकारनं मदत केली असती तर?

ही कल्पना दिल्लीत दोनदा गंभीरपणे मांडली गेली. १९९० ची दिनेश गोस्वामी समिती आणि १९९८ ची इंद्रजित गुप्त समिती. गुप्त समितीत डॉ. मनमोहन सिंग, सोमनाथ चटर्जी यांच्यासारखे लोक होते. शिफारस अशी होती की रोख पैसा देऊ नका, वस्तू द्या. ठरावीक लिटर पेट्रोल-डिझेल, छपाईचा कागद, लाउडस्पीकर, टपाल तिकिटं, मतदार याद्या, टीव्ही-रेडिओवर वेळ. त्यासाठी केंद्रानं वर्षाला ६०० कोटी आणि सगळ्या राज्यांनी मिळून तेवढेच, असा १,२०० कोटींचा निधी. बदल्यात पक्षांनी तपासलेला हिशेब द्यायचा. अहवाल आला आणि कपाटात गेला. याद्या मोफत मिळाल्या, दूरदर्शन-आकाशवाणीवर वेळ मिळाला. पेट्रोल मिळालं नाही आणि हिशेबही मिळाला नाही.

त्या अहवालात मला खटकणारी एक गोष्ट आहे. मदत फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. अपक्षाला काही नाही. ज्या महाराष्ट्रानं १९९५ ला ४५ अपक्ष विधानसभेत पाठवले, तिथं हा नियम म्हणजे आत बसलेल्यांनी आतून कडी लावण्यासारखं. आमच्या सरांना त्यातूनही एक लिटर पेट्रोल आलं नसतं. तसंही त्यांना ते लागलं नसतं, सायकल होती.

आता २०१७-१८ कडं या. गुप्त समितीचं कपाट उघडण्याऐवजी वेगळंच दार उघडलं. कंपनीच्या नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि निवडणूक रोखे आणले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, आणि कुणी कुणाला दिला हे मतदाराला कळणार नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले होते. सगळ्यात मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाला, आणि राज्याराज्यांत तिथं सत्तेवर असलेल्यांनाही भरभरून. देणारा सत्ता बघूनच देतो, हे छागलांना १९५७ लाच कळलं होतं.

जरा आकडे शेजारी ठेवा. गुप्त समितीचा निधी वर्षाला १,२०० कोटी, म्हणजे सहा वर्षांचे ७,२०० कोटी. रोखे साधारण तेवढ्याच काळात १६,५१८ कोटी. मधल्या वीस वर्षांची महागाई धरली तर दोन्ही आकडे जवळ येतील, हे मान्य. पण रोखे म्हणजे फक्त बँकेतून गेलेला पैसा. टपरीवरचा हिशेब वेगळाच. मग "सरकारकडं निवडणुकीला द्यायला पैसा कुठंय" हा आक्षेप टिकत नाही. महाराष्ट्रापुरता हिशेब करू. २८८ मतदारसंघ, प्रत्येकी तीन उमेदवारांना पूर्ण ४० लाख दिले तरी ३४५ कोटी ६० लाख. २०२४ च्या विधानसभेला मतदार होते साधारण ९ कोटी ७० लाख. म्हणजे मतदारामागं पाच वर्षांतून एकदा ३६ रुपयांच्या आसपास. वर्षाला सात-आठ रुपये. कटिंग चहाचे पैसे.

म्हणजे पैसा हा अडथळा नाहीच. मग अडतंय कुठं? आता आपली म्हण कामाला येते.

"जगात जर्मनी, भारतात परभणी." लहानपणापासून ऐकतो, अभिमानानं सांगतो. निवडणुकीच्या पैशाच्या बाबतीत मात्र जर्मनी खरंच बघण्यासारखी आहे. तिथं १९५९ पासून पक्षांना सरकारी पैसा मिळतो. चुकत-माकत, न्यायालयाचे फटके खात त्यांनी पद्धत बसवली. मिळालेल्या मतांवर पैसा, आणि लोकांकडून जमवलेल्या छोट्या देणग्यांवर वर थोडी भर. देशपातळीवर अर्धा टक्का मतं मिळाली तरी पक्ष पात्र होतो. राज्यांच्या निवडणुकीतली मतंही धरली जातात. आणि सरकारी पैसा पक्षानं स्वतः कमावलेल्या पैशापेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणजे लोकांकडं जाऊन झोळी पसरणं चुकत नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. पक्षानं पैसा कुठून आणला आणि कशावर घातला याचा हिशेब जाहीर केलाच पाहिजे, हे जर्मनीच्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. सरकारी पैसा नंतर आला, हिशेबाचं कलम आधीपासून होतं. म्हणून काय होतं बघा. १९९९ ला माजी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी गुपचूप देणग्या घेतल्याचं उघड झालं. जर्मनीचं एकीकरण करणारा नेता! सरकारी पैसा मिळत असूनही पक्षानं काळा पैसा घेतला होता. म्हणजे सरकारी पैशानं माणूस आपोआप सज्जन होत नाही. पण हिशेब चुकीचा म्हणून संसदेच्या अध्यक्षांनी कोल यांच्या पक्षाचा सुमारे ४ कोटी १० लाख मार्कांचा सरकारी निधी परत घेतला. देणाऱ्याच्या हातात दोरी होती, कारण वही होती.

आपल्याकडं? ३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगानं सांगितलं की सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात. कारण त्यांना सवलतीची जमीन मिळते, आयकर माफ आहे, सरकारी माध्यमांत फुकट वेळ मिळतो. म्हणजे आपणही पक्षांना सरकारी पैसा देतोच आहोत, फक्त त्याला तसं म्हणत नाही. पक्षांनी काय केलं? एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे या मुद्द्यावर एक झाले आणि आदेश पाळला नाही. बीडचं ते आठ कोटींचं भाषण याच महिन्यातलं आहे.

म्हणून माझं अर्धं मत बदललं. निवडणुकीला सरकारी पैसा हवा, पण आधी १९ ऑक्टोबर १९७४ चं भोक बुजलं पाहिजे. फुटक्या रांजणात सरकारी पाणी ओतलं तर ते खालीच जाणार. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, पक्षाची वही आपल्याला बघता येत नाही, आणि अशात सरकारनं उमेदवाराला ४० लाख दिले तर ते आठ कोटींच्या वर आणखी ४० लाख होतील. एवढंच.

भोक बुजवा आणि मग वस्तूंपासून सुरुवात करा. त्याचा एक नमुना आपल्या डोळ्यांसमोर आहे. पूर्वी मतदार चिठ्ठी वाटायला पक्षाच्या कार्यकर्त्यांची फौज लागायची, टेबल-खुर्ची, जेवणखाण सगळं उमेदवाराच्या माथी. आता चिठ्ठी बीएलओ घरी आणून देतात. हाही सरकारी निवडणूक खर्चच आहे आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. तसंच प्रत्येक उमेदवाराचं एक पान, सारख्या आकाराचं, आयोगानं छापून घरोघरी द्यावं. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी सभागृहात सगळ्या उमेदवारांची एक सभा, एकाच मंचावर, एकाच भोंग्यावर. अपक्षालाही. ज्यानं हिशेब दिला नाही त्याच्या पक्षाला पुढच्या वेळी काही नाही. याला फार मोठा निधी लागत नाही. राज्य निवडणुकीपासून सुरुवात करता येईल.

आणि वृत्तपत्रांनी? आमच्यासाठी कुठला कायदा होईल तेव्हा होईल. दोन इंच जागा प्रत्येक उमेदवाराला, फुकट, एवढं आम्ही उद्यापासून करू शकतो. मी हे लिहितोय म्हणजे पुढच्या वेळी माझ्यावर नजर ठेवायचा हक्क तुम्हाला आहे.

शेवटची एक गोष्ट, कामाची. उमेदवारांच्या खर्चाच्या वह्या ही गुप्त कागदपत्रं नाहीत. जिल्हा निवडणूक कार्यालयात मागून बघता येतात, थोडी फी भरून प्रत मिळते. आपल्या आमदाराची मागून बघा. चहाचे किती कप लिहिलेत ते मोजा, आणि तुमच्या एकट्या गावात किती झाले होते ते आठवा. मी इतकी वर्षं या वह्या बघतोय, पण माझ्या आधी कुणी सामान्य मतदार त्या बघून गेला असं मला कधी दिसलं नाही.

तुमच्या गावात पैसा नसताना कुणी निवडणूक लढवली असेल, हरलं असेल तरी चालेल, तर खाली लिहा. ते सर आता हयात आहेत की नाही मला माहीत नाही. पण त्यांच्यासारख्यांची एक यादी तरी होऊ द्या.